बोट लावलं की किंचाळतो, अन् अंगावर येऊन आदळतो : एका लेकराचं प्रकरण

स्पर्श, आवाज आणि चव न सोसणाऱ्या एका मुलाचं हे प्रकरण लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबातलं आहे. मुलगा पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा सव्वाचार वर्षांचा होता, आता साडेपाचचा आहे. आईवडिलांच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी लहान मुलांसोबत काम करणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे खाणं, झोप, अंघोळ, खेळ अशी रोजची कामं मुलाला जमावीत म्हणून मदत करते. मराठवाड्यात या कामाची माणसं थोडी आणि अंतरं लांब. लातूरला यायचं म्हणजे या कुटुंबाचा अख्खा दिवस जातो, एकाची मजुरी बुडते. म्हणून उपचार घरात, गोठ्यात आणि अंगणवाडीत उभा राहील असाच आखावा लागला. तो कसा आखला आणि कुठे अडला, ते इथं सांगते.

घरात आजी-आजोबा, आईवडील, चुलता-चुलती आणि चुलत्याच्या दोन मुली. पाचेक एकर जमीन, त्यात सोयाबीन, तूर आणि रब्बीला हरभरा. आई बारावी झालेली. मुलाला पाठवलं होतं ते अंगणवाडीत तपासणीला आलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातल्या डॉक्टरांनी. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी व्हायची असते. पालकांना हे बहुतेक वेळा ठाऊक नसतं. त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका, एवढं मी प्रत्येक आईला सांगते.

तक्रारी माणसागणिक वेगळ्या होत्या. आई म्हणाली, खात नाही आणि झोपत नाही. वडील म्हणाले, बहिणींना मारतो, अंगावर पडतो. अंगणवाडीताईंनी चिठ्ठीत लिहिलं होतं की खिचडी वाढायला घेतली की पळून जातो आणि बाकीची मुलं गाणं म्हणायला लागली की कान दाबून कोपऱ्यात बसतो. आजीची तक्रार मात्र जावळाची होती. "चौथं सरलं बाई, अजून जावळ न्हाई निघालं. देवीचं देणं तसंच ऱ्हायलंय."

तो केसांना हातच लावू देत नव्हता. वर्षाचा असताना तुळजापूरला जावळ काढायला नेलं होतं. मामाच्या मांडीवर धरून ठेवलं, संबळ वाजत होती, गर्दी होती, आणि मूल श्वास कोंडेपर्यंत रडलं. दोन-चार बटा कापून थांबावं लागलं. त्यानंतर कात्री दिसली तरी तो घरातून पळायचा. केस पाठीपर्यंत आले होते, त्यांच्या जटा व्हायला लागल्या होत्या, उवा झाल्या होत्या, विंचरणं म्हणजे रोजची लढाई. आजीच्या मनावर त्याचं ओझं होतं आणि गावातली माणसं त्यात भर घालत होती. देणं राहिलंय म्हणून पोरगं असं करायलंय, असं तिला दोघातिघांनी ऐकवलं होतं. दृष्ट काढून झाली होती, दंडाला धागा होता. एका दवाखान्यात सांगितलं होतं की लाडावलाय, दोन रट्टे द्या. रट्टेही देऊन झाले होते. आई हे सांगताना खाली बघत होती. माझ्यासमोर बसलेल्या आयांपैकी फार कमी जणी हे वाक्य मान वर करून सांगतात, आणि प्रत्येक वेळी मला त्या सल्ला देणाऱ्याचा राग येतो.

घरच्यांना सगळ्यात जास्त चक्रावून टाकणारी गोष्ट दुसरीच होती. जो मुलगा गालाला बोट लागलं तर किंचाळतो, तोच गाद्यांच्या चळतीवरून खाली उडी मारतो. अंगात सदरा ठेवत नाही, पण धान्याच्या पोत्यांच्या फटीत स्वतःला कोंबून घेतो. कुकरच्या शिट्टीला कान दाबतो आणि स्वतः मात्र टोपलं बडवत बसतो. म्हणजे त्याला सगळं समजतं, मुद्दाम करतो, असा निष्कर्ष घरानं काढला होता. त्यांच्या जागी कुणीही तोच काढला असता. पण या प्रकरणाची किल्ली नेमकी याच विसंगतीत होती.

आधी शरीर तपासलं

थेरपीचं नाव काढायच्या आधी बालरोगतज्ज्ञांकडून काही गोष्टी पाहून घेणं भाग होतं. पहिली, कान. गोल गोल फिरत असताना तो हाकेला वळत नसे, म्हणून एका नातेवाइकाला तो बहिरा वाटला होता. लातूरला तपासणी झाली, ऐकू व्यवस्थित येत होतं. दुसरी, रक्त. हिमोग्लोबिन ८.९ आलं. पाच वर्षांखालच्या मुलात ते ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात. कारण शोधायला लांब जायची गरज नव्हती. तो जगत होता चहा, टोस्ट, खारी, चुरमुरे आणि कडक भाकरीवर. दिवसातून तीन-चारदा चहा. चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही, आणि त्याच्या जेवणात ते मुळातच कमी होतं. लोह कमी असलेलं मूल चिडचिडं होतं, त्याची झोप तुटक होते. म्हणजे 'हट्टीपणा'चा एक हिस्सा रक्तात होता, तो थेरपीतल्या कुठल्याही झोक्यानं किंवा अंगावर फिरवायच्या ब्रशनं गेला नसता. डॉक्टरांनी लोहाचं औषध आणि जंताची गोळी दिली. मी चहा बंद करायला सांगितलं. आजोबांना ते जिवावर आलं, कारण नातू सकाळी त्यांच्याजवळ बसून बशीतून चहा प्यायचा आणि दिवसभरात तेवढाच वेळ शांत असायचा. ती बैठक मोडायची नाही, बशीत चहाऐवजी लिंबू-गुळाचं पाणी द्यायचं, असं ठरलं. औषधाची वेळही तीच धरली, कारण लिंबामुळे लोह चांगलं शोषलं जातं.

तिसरा प्रश्न ऑटिझमचा, म्हणजे स्वमग्नतेचा. आवाज, स्पर्श, चव यांचा असा त्रास ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना असतो. २०१३ साली आलेल्या अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तिकेत तो ऑटिझमच्या निकषांपैकी एक म्हणून नोंदवलेला आहे. त्यामुळे हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. या मुलाचं बोलणं वेळेवर आलं होतं. तो बोट दाखवून वस्तू दाखवायचा, आई बघते का हे वळून बघायचा, बहिणींसोबत दुकान-दुकान खेळायचा, गिऱ्हाईक होऊन घासाघीस करायचा. बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ दोघांनी स्वतंत्रपणे पाहिलं. ऑटिझमचे निकष तेव्हा पूर्ण होत नव्हते. पाच वर्षं झाल्यावर पुन्हा पाहायचं ठरलं आणि तसं पाहिलंही. निष्कर्ष तोच राहिला.

मग याला म्हणायचं काय? वडिलांनी हे विचारलं, आणि पाठोपाठ दुसरंही : "मॅडम, सर्टिफिकेट निघतं का याचं?" अशा त्रासाला संवेदन प्रक्रियेच्या अडचणी म्हणतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. ऑटिझम त्यात आहे, नुसत्या संवेदन प्रक्रियेच्या अडचणी नाहीत. डीएसएम-५ मध्येही हा स्वतंत्र आजार म्हणून धरलेला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्ये आपल्या डॉक्टरांना सांगितलं की हे नाव निदान म्हणून वापरू नका. झोके, ब्रश अशा साधनांनी संवेदनांवर काम करणारी थेरपी एकूण उपचाराचा एक भाग म्हणून करायला हरकत नाही, पण तिचा पुरावा मर्यादित आहे, हे पालकांना सांगा. मी ते या वडिलांना जसंच्या तसं सांगितलं. काही ठिकाणी मोठं नाव, मोठी फी आणि खात्रीची हमी एकदमच देतात. त्रास खरा आहे हे म्हणायला मला शिक्का लागत नाही, आणि शिक्का नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही. पण जे करू ते त्या घरात उपयोगी पडतंय का हे दर महिन्याला तपासायचं, आणि पडत नसेल तर सोडून द्यायचं, हे पहिल्या दिवशीच ठरवून घेतलं.

ती विसंगती

पाच इंद्रियं शाळेत शिकवतात. पण अंगाला आणखी खबरा लागतात. आतल्या कानातून तोल आणि हालचाल कळते. स्नायू आणि सांध्यांतून कळतं की हात कुठं आहे, किती जोर लागला, काय दाबलं गेलं. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनं १९७२ च्या आपल्या पुस्तकात मांडलं की या सगळ्या खबरा मेंदूत एकत्र जुळाव्या लागतात, आणि काही मुलांत ती जुळणी नीट होत नाही. तिच्या सिद्धांतावर पुढं बरेच वाद झाले. पण रोजच्या कामात एक गोष्ट वारंवार दिसते : एकाच मुलाला एक संवेदना सोसत नाही आणि दुसरी कितीही मिळाली तरी पुरत नाही.

या मुलाला हलका स्पर्श सोसत नव्हता. आजीनं गालावरून फिरवलेला हात, सदऱ्याच्या मानेजवळचं लेबल, मानेवर पडलेला केस, ओठाला लागलेलं वरण, सगळं त्याला टोचायचं. अचानक आलेल्या आवाजाचंही तसंच. टोपलं तो स्वतः वाजवायचा तेव्हा आवाज कधी येणार हे त्याला माहीत असायचं, कुकरच्या शिट्टीचा नेम नव्हता. याउलट जोराचा दाब, वजन, आदळणं, ओढणं यांनी तो सावरायचा. पोत्यांच्या फटीत शिरणं हा त्यानं स्वतःच शोधलेला उपाय होता. बहिणींच्या अंगावर आदळणं हासुद्धा तोच, फक्त तो बहिणींना परवडणारा नव्हता.

हे मी आजीला समजावून सांगत बसले नाही, करून दाखवलं. तिच्या दंडावरून गवताची काडी हळूच फिरवली, तिनं हात झटकला. मग तिथंच तळव्यानं घट्ट दाबलं, ती काही बोलली नाही. "याला दिवसभर काडीच फिरल्यासारखं होतं," एवढंच सांगितलं. गालावरून हात फिरवायचं तिनं त्या दिवसापासून बंद केलं. जवळ घ्यायचं तर आधी समोरून हाक द्यायची, मग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं. आजीच्या कुशीत तो पहिल्यांदा नीट टेकला तो असा.

गिरणी

आईला मी फोनवर बोलून, रेकॉर्ड करून नोंदी ठेवायला सांगितल्या. लिहायला तिला सवड नव्हती, पण भाकरी थापताना बोलता येत होतं. बिघडलं की तीन गोष्टी सांगायच्या : वेळ काय, आधी काय झालं, आजूबाजूला काय चाललं होतं. काय केलं म्हणून गप्प बसला, हेही सांगायचं.

या नोंदी ऐकताना एक गोष्ट स्पष्ट झाली. सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळची होती, साधारण सहा ते आठ. त्याच वेळात गुरं घरी येतात, अंघोळ होते, कुकर लागतो, टीव्ही सुरू होतो. पण आठवड्यातली एक संध्याकाळ बरी जायची, तेव्हा तो दोन घास जास्तही खायचा. घरच्यांनी ते त्याच्या मर्जीवर घातलं होतं. ती संध्याकाळ गावच्या बाजाराच्या दिवसाची होती. बाजाराच्या दिवशी शेजारची पिठाची गिरणी बंद असते. घराची भिंत गिरणीला लागून आहे. मोठ्यांना तो आवाज ऐकूच येईनासा झाला होता, इतका तो रोजचा. मुलाला मात्र दोन तास भिंतीतून, जमिनीतून ती घरघर सोसावी लागायची, आणि त्याच दोन तासांत त्याला अंघोळ घालायची, जेवू घालायचं आणि झोपवायचं असायचं.

पालकांना मी हे प्रकरण सांगते ते या गिरणीसाठी. मूल कधी बिघडतं हे सगळे सांगतात. कधी बिघडत नाही, हे कुणी नोंदवत नाही. उपाय बहुतेक वेळा त्या न बिघडलेल्या वेळेत सापडतो.

गिरणी बंद करता येणार नव्हती, तर संध्याकाळच उलटीपालटी केली. अंघोळ सकाळी नेली. गिरणी सुरू व्हायच्या आधी जेवण. गिरणीच्या वेळात आजोबा त्याला गोठ्यावर न्यायला लागले. गोठा वस्तीच्या कडेला आहे. तिथं कडब्याच्या लहान पेंढ्या ओढत नेऊन बैलांपुढे टाकायच्या, अर्धी बादली पाणी दोन्ही हातांनी उचलून न्यायचं, पेंडीचं अर्धं पोतं ढकलत भिंतीपर्यंत न्यायचं. त्याच्या स्नायूंना हवं ते सगळं यात होतं, आणि थेरपीच्या खोलीत मी ज्या गोष्टी उशा आणि वजनाच्या पिशव्या वापरून करते त्यापेक्षा हे कितीतरी अर्थाचं होतं, कारण बैल खरोखर उपाशी होते आणि आजोबांना खरोखर मदत होत होती. घरी परतेपर्यंत गिरणी थांबलेली असायची. मग कडुलिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर सावकाश, एकाच दिशेनं, मागेपुढे. गरगर फिरवायचं नाही, कारण त्यानं तो चेकाळायचा आणि मग झोप उडायची. झोपताना आई त्याला वाकळीत गुंडाळून दोन मिनिटं घट्ट धरायची, पण तोंड उघडं ठेवून आणि तो जागा असेपर्यंतच. झोपलेल्या लहान मुलावर जड पांघरूण टाकायचं नाही, हे मी मुद्दाम बजावलं. वजनाच्या गोधड्या आता इंटरनेटवर विकायला असतात. या वयासाठी मी त्या सुचवत नाही.

बाकीचे बदल पटकन सांगण्यासारखे आहेत. सदऱ्याची लेबलं उसवली. नवे कपडे अंगावर घालायच्या आधी तीन-चार वेळा धुतले, आतून जुना सुती बनियन घातला. अंघोळीला डोक्यावर तांब्या ओतणं थांबवलं. पाणी त्यानं स्वतः घ्यायचं, पायापासून वर यायचं, आणि पंचानं घासायचं नाही, दाबून टिपायचं. कुकर लावायच्या आधी आई हाक मारून सांगते, "तीन शिट्ट्या होणार आहेत," आणि शिट्ट्या तो मोजतो. कुकरचा प्रश्न इतक्यावरच सुटला, याचं मलाही नवल वाटलं.

जेवण या वेगानं सुधारलं नाही. जबरदस्तीनं घास भरवणं बंद करायला मोठ्यांना फार जड गेलं, आजीला तर उपाशी ठेवतोय असंच वाटायचं. नियम एवढाच ठेवला : काय आणि कधी वाढायचं हे मोठे ठरवतील, किती खायचं हे तो ठरवील, आणि ताटात त्याला चालणारी एक वस्तू कायम असेल. नवा पदार्थ आधी ताटाच्या कडेला नुसता ठेवायचा. खायचा नाही, हात लावायचाही नाही, असू द्यायचा. त्याला कुरकुरीत चालत होतं, म्हणून तिथूनच वाट काढली. कडक भाकरीवर शेंगदाण्याचा कूट, मग बाजरीची भाकरी तव्यावर कडक करून, मग धपाटं, आधी कडक आणि पुढं पुढं जरा मऊ. शेंगदाणे आणि फुटाणे अख्खे द्यायचे नाहीत हे सांगावं लागलं. या वयात ते श्वासनळीत अडकतात, आणि शेतकऱ्याच्या घरात मुलाची मूठ कायम त्यांनीच भरलेली असते. भाकरीचं पीठ मळायला आई त्याला शेजारी बसवायची. सुरुवातीला तो फक्त कोरडं पीठ बोटानं उडवायचा. ओल्या पिठात हात घालायला त्याला बरेच महिने लागले, आणि कुणी ओढून हात घातला नाही म्हणूनच तो घातला गेला.

जावळ

केसांचं काम मी शेवटी ठेवलं होतं. झोप सुधारल्याशिवाय त्याला हात घालण्यात अर्थ नव्हता. पण आजीचं म्हणणं मला बाजूला सारायचं नव्हतं. तिच्यासाठी हा केसांचा प्रश्न नव्हताच, शब्द दिलेला होता. घरातल्या सगळ्यांत तीच त्याच्याजवळ जास्त वेळ असायची. तिला वगळून केलेला कुठलाही बेत दुसऱ्या दिवशी मोडला असता.

तिला मी विचारलं की जावळात न चुकवण्यासारखं काय आहे. ती विचार करून म्हणाली, मामाची मांडी, आणि केस देवीला जाणं. कुठं कापायचे यावर ती अडून नव्हती. कुळातल्या वडीलधाऱ्यांना तिनं स्वतः विचारलं आणि ठरवलं की केस घरी काढायचे आणि ते तुळजापूरला न्यायचे. हा निर्णय तिचा होता. मी नुसता प्रश्न विचारला.

तयारी दीड महिना चालली. मामा आठवड्याला येऊन त्याला मांडीवर घट्ट धरून बसायचा, केसांचं नावही काढायचा नाही. कात्री आधी मुलाच्याच हातात दिली, कागद कापायला. मग त्यानं बाहुलीचे दोरे कापले, मग आजोबांच्या मिशीचा एक केस, त्यावर घर हसलं आणि तोही. केस विंचरायच्या आधी डोक्यावर दोन्ही तळव्यांनी दाब द्यायचा. मशीन वापरायचं नाही, कारण ते कानाजवळ घरघरतं. गावातल्या न्हावीकाकांना मी भेटून सांगितलं की एका वेळी दहा मोजेपर्यंतच कापा, मग थांबा, आणि थांबायचं ते ठरल्याप्रमाणं, तो रडला म्हणून नव्हे. काकांनी ते इतकं नेमकं केलं की पुढं मी इतर मुलांसाठीही त्यांचीच पद्धत वापरली. सकाळी गोठ्यावर काम करून आल्यावर, अंगणात, मामाच्या मांडीवर, समोर आरसा. मानेवर ओला पंचा घट्ट गुंडाळलेला, म्हणजे कापलेला केस टोचायचा नाही. केस एका दिवसात उतरले नाहीत, चार बैठका लागल्या. दुसऱ्या बैठकीत तो उठून गेला आणि त्या दिवशी कुणी पुन्हा बसवलं नाही. मधले आठ दिवस तो अर्ध्या कापलेल्या डोक्यानं फिरला. गावात लोक हसले, आईला ते लागलं.

तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळून, सकाळी लवकर गेले. मूल महाद्वाराच्या बाहेर वडिलांजवळ थांबलं, आजी केस घेऊन आत गेली.

अंगणवाडी आणि सणवार

अंगणवाडीताईंना वेगळं साहित्य द्यायला माझ्याकडे काही नव्हतं आणि त्यांना लागलंही नाही. सतरंजीची गुंडाळी ओढून आणणं आणि पसरणं हे काम त्याचं झालं. बसायची जागा भिंतीला पाठ लावून, दाराजवळ. गाण्याच्या आधी ताई त्याला खुणेनं सांगायच्या. खिचडीच्या वेळी त्यानं घरून आणलेली भाकरी खायची, पण पंगतीत बसून. मदतनीस ताईंना सुरुवातीला हे बरोबर वाटलं नाही. एकाला वेगळं दिलं की बाकीचे मागतात, हा त्यांचा मुद्दा खरा होता. ताईंनी मुलांना सरळ सांगून टाकलं की याला ओलं लागलं की त्रास होतो, म्हणून तो कोरडं खातो. चार-पाच वर्षांच्या मुलांना एवढं पुरलं.

येळवशीला, म्हणजे शेतात पूजा करून तिथंच जेवायच्या वेळ अमावस्येच्या सणाला, तो अख्खा दिवस शेतात होता. एरवी पाहुणे आले की घरात लपणारं मूल त्या दिवशी काळ्या रानात अनवाणी पळत होतं, कोपीसाठी, म्हणजे पूजेच्या खोपीसाठी कडबा ओढत होतं, पांडव म्हणून मांडलेल्या दगडांना चुना लावायला सगळ्यात पुढं होतं. भज्जी, आंबील, उंडे यातलं त्यानं काही खाल्लं नाही, हरभऱ्याचे कोवळे डहाळे ओरबाडून खाल्ले. आईनं मला त्या रात्री लांबलचक निरोप पाठवला. गर्दी तीच होती, पाहुणे तेच होते. फक्त छत नव्हतं आणि भिंती नव्हत्या, आवाज घुमत नव्हता, नको वाटलं तर दूर जायला जागा होती.

लगीनसराईनं मात्र बरंच मागं नेलं. चुलत्याच्या मेहुण्याच्या लग्नात डीजे होता, आणि मूल आईच्या हातून सुटून रस्त्यावर पळालं. सुदैवानं काही झालं नाही. त्यानंतर झोप पुन्हा तुटली, दोन-अडीच आठवडे तो बनियनही घालत नव्हता. तेव्हापासून घरानं ठरवलं आहे की वरातीला तो जात नाही, अक्षता पडताना एक मोठा माणूस त्याला घेऊन लांब थांबतो, आणि कानावर आवाज अडवणारे जाड हेडफोन असतात. ते फक्त अशा प्रसंगी वापरायचे. दिवसभर घातले तर साधा आवाजही मोठा वाटायला लागतो. पाहुणे नावं ठेवतात. वडील आता उत्तर देत बसत नाहीत.

सध्याची स्थिती अशी. हिमोग्लोबिन ११.४. चहा सुटला. रात्री साडेनऊला झोपतो, बहुतेक वेळा सकाळपर्यंत. बहिणींवर आदळणं खूप कमी झालं आहे. अगदीच राहवलं नाही तर "दाब दे" असं म्हणून तो वडिलांकडे जातो, आणि मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं हेच वाटतं, कारण ते तो स्वतः मागायला शिकला. केस दर दोन महिन्यांनी न्हावीकाकाच कापतात. कुरकुर होते, पळापळ होत नाही. वरण-भात अजून नाही. खिचडी अजून नाही. नखं कापायला अजून दोघं लागतात. डीजेचा तर प्रश्नच नाही.

पुढच्या जूनमध्ये तो जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला जाईल. वर्गशिक्षकांसाठी आईनं आणि मी मिळून एक पानभर मजकूर तयार केला आहे : दाराजवळची जागा, घंटा व्हायच्या आधी खूण, गणवेशाच्या आत सुती बनियन, मागून खांद्यावर हात ठेवायचा नाही, फळा पुसणं आणि वह्यांचा गठ्ठा नेणं ही कामं त्याला द्यावीत. पेन्सिल तो इतकी दाबून धरतो की टोक मोडतं आणि हात लवकर दुखतो, त्यावर आता काम सुरू केलं आहे. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. फटाक्यांचे चार दिवस ते सगळे शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या खोपटावर राहायला जाणार आहेत, तसं आजोबांनी आताच ठरवून टाकलं आहे.